राहणं एका राज्यात, नोकरी दुसऱ्या राज्यात: अमेरिकेतल्या राज्य आयकराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारीच्या अखेरीस डब्ल्यू-टू (वर्षभराचा पगार आणि त्यातून कापलेला कर दाखवणारे कंपनीचे फॉर्म) हातात पडले की हे प्रश्न यायला लागतात आणि एप्रिलपर्यंत थांबत नाहीत. बरेचसे न्यू जर्सीत राहून न्यूयॉर्कला नोकरी करणाऱ्यांचे असतात, म्हणून इथेही भर त्यांच्यावरच आहे. बाकी राज्यांचे प्रश्न जिथे वेगळे पडतात तिथे वेगळे घेतले आहेत. सुरुवातीचे तीन प्रश्न सगळ्यांसाठी आहेत. ते वाचल्याशिवाय पुढे गेलात तर उत्तरं अर्धवट कळतील.

१. एकाच पगारावर दोन राज्यं कर कसा काय मागू शकतात?

कारण दोघांचे हक्क वेगवेगळ्या गोष्टींवर उभे आहेत. तुम्ही ज्या राज्याचे रहिवासी, ते राज्य तुमच्या सगळ्या उत्पन्नावर कर लावतं, मग ते जगात कुठेही कमावलेलं असो. तुम्ही जिथे काम करता, ते राज्य फक्त तिथे कमावलेल्या उत्पन्नावर कर लावतं. पगार दोन्हींत मोडला की तो दोन्ही रिटर्नवर दिसतो. दुहेरी कर टाळायची जबाबदारी सर्वसाधारणपणे राहत्या राज्यावर असते आणि ते राज्य दुसरीकडे भरलेल्या कराचं क्रेडिट देतं, म्हणजे आपल्या करातून त्याची वजावट देतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली मेरीलँडच्या विन खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला आणि रहिवाशांना कौंटी करावर असं क्रेडिट नाकारण्याची मेरीलँडची पद्धत घटनाबाह्य ठरवली. त्यामुळे क्रेडिट हे निव्वळ राज्याच्या मर्जीवर आहे असं समजू नका.

२. मी नक्की कुठल्या राज्याचा रहिवासी? कंपनीचं ऑफिस जिथे आहे तिथला का?

नाही. ऑफिसचा पत्ता आणि रहिवास यांचा संबंध नाही. रहिवासी ठरायच्या वाटा दोन. पहिली डोमिसाइलची: तुमचं कायमचं घर, बाहेर गेलात तरी जिथे परत यायचं ठरलेलं असतं ते ठिकाण. डोमिसाइल एका वेळी एकच असतं. दुसरी वाट दिवसांची: न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी या दोन्ही राज्यांत, डोमिसाइल नसलं तरी तिथे कायमस्वरूपी राहण्याजोगं घर ठेवलंत आणि वर्षात १८३ पेक्षा जास्त दिवस तिथे काढलेत, तर तुम्ही रहिवासी ठरता.

ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार नोंदणी, गाडीची नोंदणी हे पुरावे आहेत, पण पाठबळापुरते. न्यूयॉर्कचे ऑडिटर आधी पाच गोष्टी पाहतात: घर, व्यवसायातला सहभाग, वेळ कुठे जातो, जिवापाड जपलेल्या वस्तू कुठे ठेवल्या आहेत आणि कुटुंब कुठे आहे. नुसतं लायसन्स बदलून डोमिसाइल बदलत नाही. दिवसांच्या वाटेत अडकणाऱ्यांसाठी प्रश्न १३ पाहा.

३. ज्या राज्यात आयकरच नाही तिथे राहिलो तर सुटलो का?

राहत्या राज्यापुरते सुटलात. अलास्का, फ्लोरिडा, नेवाडा, न्यू हॅम्पशायर, साउथ डकोटा, टेनेसी, टेक्सस, वॉशिंग्टन आणि वायोमिंग ही नऊ राज्यं पगारावर कर लावत नाहीत. (वॉशिंग्टनमध्ये २०२२ पासून ठरावीक मर्यादेपुढच्या भांडवली नफ्यावर मात्र कर आहे. न्यू हॅम्पशायरचा व्याज आणि लाभांशावरचा कर २०२५ पासून गेला.) पण काम दुसऱ्या राज्यात जाऊन केलंत तर ते राज्य कर घेणारच. घरच्या राज्यात करच नाही म्हटल्यावर क्रेडिट कशातून घेणार? व्हँकूव्हरमध्ये, म्हणजे वॉशिंग्टनच्या बाजूला, राहून पूल ओलांडून पोर्टलंड किंवा हिल्सबरोला कामाला जाणारे ऑरेगनचा अनिवासी फॉर्म ओआर-४०-एन भरतात आणि तो कर त्यांना पूर्ण लागतो. न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशुआहून मॅसॅच्युसेट्समधल्या बॉस्टनकडे जाणाऱ्यांचंही तेच. म्हणून घर घेताना ‘तिकडे टॅक्स नाही’ एवढंच ऐकून सही करू नका. नोकरी नदीच्या कुठल्या बाजूला आहे ते आधी बघा.

४. एडिसनला राहतो, रोज ट्रेनने मॅनहॅटनला जातो. मला एकूण किती कर बसतो?

ढोबळमानाने, दोन राज्यांपैकी ज्याचा कर जास्त, तेवढा. रीत अशी: न्यूयॉर्कला अनिवासी म्हणून आयटी-२०३ भरायचा. न्यू जर्सीला रहिवासी म्हणून एनजे-१०४० भरायचा आणि त्याला शेड्यूल एनजे-सीओजे जोडून न्यूयॉर्कच्या कराचं क्रेडिट मागायचं.

हिशेब कळावा म्हणून सोपे आकडे घेऊ. समजा, तुमच्या पगारावर न्यूयॉर्कचा कर ८,००० डॉलर निघाला आणि त्याच पगारावर जर्सीचा ५,५०० निघतो. जर्सी तुम्हाला ५,५०० चं क्रेडिट देईल, ८,००० चं नाही. जर्सीकडे पगारापोटी शून्य देणं. वरचे २,५०० न्यूयॉर्कमध्येच राहतात, ते कुणीही परत करत नाही. आता याच माणसाला बँकेचं व्याज आणि शेअरचा नफा असेल, तर त्यावर न्यूयॉर्कचा कर लागत नाही पण जर्सीचा लागतो, आणि पगारावरचं उरलेलं २,५०० चं ‘जादा’ क्रेडिट तिकडे वळवता येत नाही. पगारातून तर जर्सीसाठी बहुधा काहीच कापलेलं नसतं. म्हणून एप्रिलमध्ये जर्सीचं बिल बघून धक्का बसतो. जर्सीचं देणं ४०० डॉलरच्या वर जाणार असेल तर वर्षभरात तिमाही हप्त्यांनी एनजे-१०४०-ईएस भरत राहा, नाहीतर व्याज लागतं.

५. सॉफ्टवेअरमध्ये आधी कुठलं राज्य भरायचं? आणि क्रेडिटच्या रकान्यात कुठला आकडा?

आधी अनिवासी राज्य, मग राहतं राज्य. न्यूयॉर्कचा कर ठरल्याशिवाय जर्सीचं क्रेडिट काढताच येत नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा आकड्याचा होतो. डब्ल्यू-टूच्या १७ व्या रकान्यात न्यूयॉर्कसाठी कापलेली रक्कम असते. पुष्कळ जण तीच उचलून जर्सीच्या शेड्यूलवर टाकतात. ते चूक आहे. कापलेली रक्कम आणि लागू झालेला कर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: न्यूयॉर्ककडून तुम्हाला परतावा मिळाला असेल, तर तेवढा कर तुम्ही भरलेलाच नाही. क्रेडिट मिळतं ते आयटी-२०३ वर अंतिम ठरलेल्या कराचं. पहिल्या ओळीत उत्पन्नही फक्त ते येतं ज्यावर दोन्ही राज्यांनी कर लावला आहे. या शेड्यूलबरोबर न्यूयॉर्कच्या रिटर्नची प्रत जपून ठेवा. जर्सी नंतर मागू शकते.

६. डब्ल्यू-टूवर न्यूयॉर्कचा पगार आणि जर्सीचा पगार मिळून माझ्या खऱ्या पगाराच्या दुप्पट दिसतात. कंपनीची चूक आहे का?

बहुतेक वेळा नाही. न्यूयॉर्कचा नियम असा की १६ व्या रकान्यात पहिल्या रकान्यातला पूर्ण पगार दाखवायचा, मग तुमचं काही काम बाहेर झालेलं असलं तरी. त्याखाली जर्सीची वेगळी ओळ येते. त्या दोन ओळींची बेरीज करू नका.

जर्सीचा आकडा केंद्र सरकारच्या आकड्यापेक्षा जास्त दिसला तरी घाबरू नका. जर्सी ४०१(के) (कंपनीमार्फतची निवृत्ती योजना) मधली बचत वगळू देते, पण एचएसए (वैद्यकीय खर्चासाठीचं बचत खातं) आणि ४०३(बी) (दुसरी एक निवृत्ती योजना) मधली वगळू देत नाही. विद्यापीठात किंवा रुग्णालयात काम करणाऱ्यांना ४०३(बी) मुळे हा फरक हमखास दिसतो.

७. न्यूयॉर्क शहराचा कर मलाही लागतो का?

शहरात राहत नसाल तर नाही. बाहेरून कामाला येणाऱ्यांवरचा शहराचा कर १९९९ मध्ये रद्द झाला. शहर फक्त आपल्या रहिवाशांवर कर लावतं, साधारण ३ ते ४ टक्क्यांच्या दरम्यान. जर्सी सिटीत राहताना तुमच्या पगारातून शहराचा कर कापला जात असेल तर पेरोलमध्ये तुमचा जुना पत्ता अडकला आहे. लगेच दुरुस्त करून घ्या आणि कापलेली रक्कम आयटी-२०३ वर परत मागा. याँकर्सची गोष्ट वेगळी: तिथे काम करणाऱ्या बाहेरच्यांनाही अर्धा टक्का द्यावा लागतो.

८. माझी नोकरी न्यूयॉर्कला, बायकोची जर्सीतच. तिचा पगार न्यूयॉर्कच्या फॉर्मवर का मागतात? त्यावरही कर घेणार का?

थेट नाही, पण तुमच्यावरचा दर त्याने वाढतो. न्यूयॉर्क आधी तुमचं दोघांचं मिळून सगळं उत्पन्न धरून, जणू तुम्ही तिथलेच रहिवासी आहात असा कर काढतं आणि मग त्यातला न्यूयॉर्कमधल्या उत्पन्नाच्या प्रमाणातला भाग घेतं. केंद्राचं रिटर्न एकत्र भरलं असेल आणि तुम्ही दोघंही न्यूयॉर्कचे अनिवासी असाल, तर न्यूयॉर्कचंही एकत्रच भरावं लागतं. एक जण न्यूयॉर्कचा रहिवासी आणि दुसरा नाही, असं असेल तर मात्र स्वतंत्र भरायची सोय आहे.

९. आठवड्यातले तीन दिवस जर्सीतल्या घरून काम करतो. त्या दिवसांचा पगार तरी जर्सीचा ना?

सगळ्यात जास्त येणारा आणि सगळ्यात जास्त मनस्ताप देणारा प्रश्न हाच. बहुतांश लोकांसाठी उत्तर ‘नाही’ असं आहे.

न्यूयॉर्कचा नियम सांगतो की तुमचं नेमलेलं ऑफिस न्यूयॉर्कमध्ये असेल आणि तुम्ही स्वतःच्या सोयीसाठी घरून काम करत असाल, तर तो दिवस न्यूयॉर्कमध्येच काम केल्याचा धरायचा. कंपनीच्या गरजेपोटी तुम्ही बाहेर असाल तरच तो दिवस बाहेरचा. ‘कंपनीने हायब्रिड धोरण आणलं आहे’ एवढ्याने गरज सिद्ध होत नाही. साथीच्या काळात ऑफिसं बंद असतानाही न्यूयॉर्कने हीच भूमिका ठेवली. २००५ साली तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयात टेनेसीच्या एका प्रोग्रामरचा खटला गेला होता. त्याचं जेमतेम चतुर्थांश काम न्यूयॉर्कमध्ये होत होतं आणि बाकी सगळं टेनेसीतल्या घरून. न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी पूर्ण पगारावर न्यूयॉर्कचा कर योग्य ठरवला.

सुटका दोन प्रकारे होऊ शकते. तुमची नेमणूकच कंपनीच्या जर्सीतल्या खऱ्या ऑफिसात असेल, तर तिथले दिवस जर्सीचे. किंवा तुमचं घर हेच कंपनीचं प्रामाणिक कार्यालय आहे हे न्यूयॉर्कच्या २००६ च्या निकषांवर सिद्ध करता आलं तर. त्यात घरून काम करणं ही नोकरीची अट आहे का, कंपनी तुम्हाला दुसरीकडे जागा देते का, घरच्या ऑफिसचा खर्च देते का, ग्राहक नियमित घरी येतात का, अशा बाबी मोजतात. साध्या डेस्कवरच्या नोकरीला हे निकष पार करणं फार कठीण आहे. एचआरचं तोंडदेखलं पत्र पुरत नाही.

हा नियम मला अन्यायकारक वाटतो. तुम्ही जर्सीचे रस्ते, शाळा, पोलीस वापरता. घरी बसून काम केल्याच्या दिवशी न्यूयॉर्कने तुम्हाला काहीच दिलेलं नसतं. तरी कर तिकडे जातो, आणि जर्सी तुम्हाला क्रेडिट देऊन स्वतःचा महसूल सोडते. जर्सीने २०२३ मध्ये प्रत्युत्तरादाखल तसाच नियम, ज्या राज्यांत तो आहे त्यांच्या रहिवाशांपुरता, केला. त्याच कायद्यात आणखी एक महत्त्वाची तरतूद आहे, जी बहुतेकांना माहीत नाही: न्यूयॉर्कविरुद्ध दाद मागून परतावा मिळवणाऱ्या जर्सीच्या रहिवाशाचा जर्सीतला कर त्यामुळे वाढला, तर त्या वाढीच्या ५० टक्के रकमेचं क्रेडिट जर्सी देते. पेनसिल्व्हेनिया आणि डेलावेअरमध्येही असा नियम आहे. कनेक्टिकटचा जर्सीसारखा जशास तसा आहे. ऑफर लेटरवर सही करण्याआधी ‘माझं नेमलेलं ऑफिस कुठलं लिहिणार?’ हे विचारून घ्या. नंतर बदलणं अवघड जातं.

१०. मी टेक्सासात राहतो. न्यूयॉर्कच्या क्लायंटकडे वर्षातून दहा-बारा दिवस जातो. १४ दिवसांपर्यंत कर नाही असं ऐकलंय.

अर्धं खरं. १४ दिवसांचा नियम कंपनीसाठी आहे: तेवढ्या दिवसांपर्यंत न्यूयॉर्कचा कर पगारातून कापण्याची सक्ती तिच्यावर नाही. तुमच्यावरचा कर त्याने माफ होत नाही. न्यूयॉर्कमध्ये केलेल्या पहिल्या दिवसाचा पगारही न्यूयॉर्कचं उत्पन्न आहे. इलिनॉयने मात्र ३० कामाच्या दिवसांपर्यंत अनिवाशांना खरी सूट दिली आहे. प्रत्येक राज्याचा उंबरठा निराळा. देशभर एकच ३० दिवसांची मर्यादा आणणारं विधेयक काँग्रेसमध्ये अनेकदा आलं, पण कायदा झालेला नाही.

११. चेरी हिलला राहते, नोकरी फिलाडेल्फियात. इथेही दोन रिटर्न?

राज्याच्या पातळीवर नाही. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया यांच्यात परस्पर करार आहे: पगारावर फक्त राहतं राज्य कर लावतं. कंपनीला आरईव्ही-४१९ हा फॉर्म द्या म्हणजे ती पेनसिल्व्हेनियाचा कर कापणार नाही. उलट दिशेने, पेनसिल्व्हेनियात राहून जर्सीत काम करणाऱ्यांसाठी एनजे-१६५ आहे.

पण करार शहराच्या कराला लागू नाही. फिलाडेल्फियाचा वेज टॅक्स बाहेरून येणाऱ्यांनाही लागतो, साडेतीन टक्क्यांच्या आसपास. जर्सीत राहणाऱ्यांना त्याचं क्रेडिट एनजे-सीओजेवर मिळतं, ते मागायला विसरू नका. न्यूयॉर्कच्या नियमापेक्षा इथे एक मोठी सवलत आहे: कंपनीने तुम्हाला शहराबाहेरून काम करायला लावलं असेल, तर त्या दिवसांचा वेज टॅक्स परत मागता येतो. स्वतःच्या सोयीने घरी राहिलेले दिवस त्यात धरत नाहीत.

आणि करार फक्त पगारापुरता आहे. पेनसिल्व्हेनियात भाड्याने दिलेलं घर किंवा धंदा असेल तर तिथे अनिवासी रिटर्न भरावंच लागतं.

१२. असे करार आणखी कुठे आहेत?

मुख्यतः मध्य-पश्चिमेत आणि वॉशिंग्टन डीसीच्या आजूबाजूला. इलिनॉयचे आयोवा, केंटकी, मिशिगन आणि विस्कॉन्सिनशी आहेत. इंडियानाचे केंटकी, मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनिया आणि विस्कॉन्सिनशी. व्हर्जिनिया, मेरीलँड आणि डीसी यांच्यात रोज ये-जा करणाऱ्यांचा पगार राहत्या ठिकाणीच धरला जातो. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनचा करार २०१० पासून संपला. त्यामुळे विस्कॉन्सिनमधल्या हडसनला राहून मिनेसोटातल्या सेंट पॉलला जाणाऱ्यांना दोन्ही रिटर्न भरावी लागतात. न्यूयॉर्कचा असा करार कुणाशीच नाही.

कॅलिफोर्नियाची पद्धत उलटी आहे. ॲरिझोना, ऑरेगन किंवा व्हर्जिनियाचा रहिवासी कॅलिफोर्नियात कमावत असेल तर तो क्रेडिट घरच्या राज्याच्या नव्हे, कॅलिफोर्नियाच्या अनिवासी रिटर्नवर घेतो.

१३. घर जर्सीत आहे, पण उशीर झाला तर झोपायला मॅनहॅटनमध्ये एक छोटा अपार्टमेंट ठेवला आहे. काही अडचण?

मोठी अडचण आहे. न्यूयॉर्क दिवस मोजताना दिवसाचा कुठलाही भाग धरतं. सकाळी नऊला पेन स्टेशनवर उतरून संध्याकाळी सहाची गाडी पकडली तरी तो न्यूयॉर्कचा पूर्ण दिवस. फक्त विमानतळावरून दुसरीकडे जाताना किंवा राज्य ओलांडून पुढे जाताना गेलेला वेळ धरत नाहीत, तसेच रुग्णालयात दाखल असल्याचे दिवसही. म्हणजे रोज कामाला जाणाऱ्याचे १८४ दिवस सहज भरतात. तुम्हाला अनिवासी ठेवते ती एकच गोष्ट: तिथे तुमचं घर नसणं. तो अपार्टमेंट वर्षात १० महिन्यांपेक्षा जास्त तुमच्याकडे असेल (२०२२ पूर्वी ही मर्यादा ११ महिन्यांची होती), तर तुम्ही न्यूयॉर्कचे रहिवासी, आणि घर शहरात असल्याने शहराचेही.

मग फक्त पगार नाही, व्याज, लाभांश, शेअरचा नफा सगळंच न्यूयॉर्कच्या करात येतं. डोमिसाइल जर्सीचं म्हणून जर्सीही त्याच उत्पन्नावर कर लावते आणि अशा गुंतवणुकीच्या उत्पन्नावर न्यूयॉर्क क्रेडिट देत नाही. १९९८ साली न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने जर्सीच्याच एका रहिवाशाच्या प्रकरणात हे वैध ठरवलं.

दिलासा एका बाबतीत आहे. जर्सीत राहणाऱ्या आणि स्टेटन आयलंडला व्यवसाय असलेल्या एका गृहस्थाने तिथे आईवडिलांसाठी घर घेतलं होतं. २०१४ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की घर नावावर असणं पुरत नाही, करदात्याच्या स्वतःच्या राहण्याशी त्या घराचा संबंध हवा. भावाच्या घरी अधूनमधून मुक्काम केल्याने ते तुमचं घर होत नाही. पण किल्ली तुमच्याकडे, कपडे तिथे, खोली तुमच्यासाठी राखलेली, असं चित्र असेल तर वाद होणार.

१४. जूनमध्ये कॅलिफोर्नियाहून टेक्सासला गेलो. बोनस आणि आरएसयू नंतर मिळाले. ते टेक्सासचे ना?

पैसे कधी मिळाले यावर ते ठरत नाही, काम कुठे केलं त्यावर ठरतं. मागच्या वर्षीच्या कामाचा बोनस टेक्सासात खात्यावर जमा झाला तरी तो कॅलिफोर्नियाच्या कामाचा. आरएसयू (कंपनी मोबदला म्हणून देते ते शेअर) मंजूर झाल्यापासून, म्हणजे ग्रँटपासून, ते व्हेस्ट होईपर्यंतचे, म्हणजे प्रत्यक्ष तुमच्या मालकीचे होईपर्यंतचे, कामाचे दिवस मोजतात आणि त्यातले कॅलिफोर्नियातले जितके, तितका हिस्सा कॅलिफोर्नियाला जातो. स्थलांतरानंतर दोन-तीन वर्षं कॅलिफोर्नियाचा अनिवासी फॉर्म ५४०एनआर भरावा लागणं यात नवल नाही. न्यूयॉर्कचीही पद्धत अशीच आहे. कंपनीने तुमचं वाटप आपोआप बरोबर केलं असेल असं गृहीत धरू नका. ग्रँटची तारीख, व्हेस्टची तारीख आणि स्थलांतराची तारीख घेऊन स्वतः पडताळा.

त्या वर्षी तुम्ही कॅलिफोर्नियाचे वर्षाच्या भागापुरते रहिवासी असता. शेअर विकल्याचा नफा मात्र विकताना जिथे रहिवासी होतात तिथला. निवृत्तीनंतर मिळणाऱ्या पात्र पेन्शन आणि ४०१(के) च्या रकमेवर जुनं राज्य हात टाकू शकत नाही. १९९६ च्या केंद्रीय कायद्याने ते बंद केलं.

१५. जर्सी सोडून जाताना ‘एक्झिट टॅक्स’ भरावा लागतो म्हणतात. खरं का?

असा वेगळा कर नाही. राज्य सोडून गेलेल्याने जर्सीतलं घर विकलं तर विक्रीच्या वेळी आगाऊ कर भरून घेतात: नफ्याच्या १०.७५ टक्के, पण विक्रीच्या किमतीच्या किमान २ टक्के. नंतर एनजे-१०४०एनआर भरून खरा कर काढायचा आणि जास्तीचे परत घ्यायचे. राहतं घर असेल आणि नफा करमुक्त मर्यादेत (एकट्याला अडीच लाख, जोडप्याला पाच लाख डॉलर) बसत असेल, तर क्लोजिंगला (विक्रीचा व्यवहार पूर्ण होताना) जीआयटी/आरईपी-३ भरा. आगाऊ रक्कमही द्यावी लागत नाही. हा फॉर्म वकिलाला आधीच आठवण करून भरून घ्या.

१६. आम्ही एच-१बीवर आहोत, ग्रीन कार्ड नाही. मग ‘कायमचं घर’ भारतातच, नाही का? राज्याचे रहिवासी कसे?

डोमिसाइलवर वाद घालता येईल, पण त्याने फारसं काही साधत नाही. जर्सीत भाड्याचं घर आणि १८३ पेक्षा जास्त दिवस झाले की दुसऱ्या वाटेने तुम्ही रहिवासीच (प्रश्न २). व्हिसाचा प्रकार त्यात बघत नाहीत. एफ-१वरचे विद्यार्थी केंद्राला १०४०-एनआर (अनिवाशांचा फॉर्म) भरत असले तरी राज्याचे रहिवासी असू शकतात, आणि भारत-अमेरिका करारातली सवलत प्रत्येक राज्य मानतं असं नाही. कॅलिफोर्निया मानत नाही.

१७. भारतातल्या एफडीचं व्याज राज्याच्या रिटर्नवर दाखवायचं का? तिकडे टीडीएस कापला आहे.

हो. एनआरई खात्याचं (परदेशातली कमाई भारतात ठेवायचं खातं) व्याज भारतात करमुक्त असलं तरी इथे केंद्राला आणि जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांना ते करपात्र आहे. एनआरओवर (अनिवासी भारतीयाच्या भारतातल्या कमाईचं खातं) भारतात कापलेल्या कराचं क्रेडिट केंद्राच्या रिटर्नवर मिळतं, पण ही तीन राज्यं भारतातल्या कराचं क्रेडिट देत नाहीत (न्यूयॉर्क परदेशांपैकी फक्त कॅनडाच्या प्रांतांचा कर मानतं). इथे खरोखर दुहेरी कर बसतो आणि त्याला वळसा नाही. पुण्यात आईवडिलांच्या नावापुढे तुमचं नाव असलेली एफडी असेल, तर व्याज खरं कुणाचं आणि पैसे कुणी घातले हे कागदावर स्पष्ट ठेवा.

१८. कंपनी दोन वर्षांसाठी पुण्याला पाठवते आहे. घर इथेच राहील. त्या काळात राज्याचा कर?

घर ठेवून तात्पुरते गेलात तर डोमिसाइल हलत नाही. पण न्यूयॉर्कमध्ये डोमिसाइल असलेल्यांना सोय आहे: सलग ५४८ दिवसांत किमान ४५० दिवस परदेशात, आणि न्यूयॉर्कमध्ये तुम्ही ९० पेक्षा जास्त दिवस नाही, तसेच तुमचा नवरा किंवा बायको आणि अल्पवयीन मुलं तिथल्या घरी ९० पेक्षा जास्त दिवस नाहीत, तर त्या काळापुरते तुम्ही अनिवासी. मुलांची शाळा इथेच चालू ठेवली तर ही अट तिथेच मोडते. कॅलिफोर्नियात करारावर सलग ५४६ दिवस बाहेर, वर्षात ४५ दिवसांपर्यंतच भेटी आणि गुंतवणुकीचं उत्पन्न २ लाख डॉलरच्या आत अशी रचना आहे. जर्सीत अशी दिवसांची सोय नाही. तिथे जर्सीत घर नसणं, बाहेर कायमचं घर असणं आणि जर्सीत ३० पेक्षा जास्त दिवस न राहणं या तिन्ही गोष्टी लागतात. म्हणजे एडिसनचं घर स्वतःसाठी रिकामं ठेवून गेलात तर जर्सीला सगळं उत्पन्न दाखवत राहावं लागेल.

१९. तीन वर्षं फक्त जर्सीचं रिटर्न भरलं, न्यूयॉर्कचं भरलंच नाही. आता काय?

न्यूयॉर्कने नोटीस पाठवायच्या आधी स्वतः भरा. भरलेल्या रिटर्नवर जास्तीचा कर लावायला राज्याला साधारण ३ वर्षांची मुदत असते. न भरलेल्या रिटर्नला मुदतच नाही, ते दहा वर्षांनीही विचारू शकतात. त्याच वेळी जर्सीकडे त्या वर्षांचं एनजे-१०४०एक्स भरून क्रेडिट मागा. इथे वेळ फार महत्त्वाची आहे, कारण जर्सीकडून परतावा मागायची मुदत साधारणपणे रिटर्न भरल्यापासून ३ वर्षांची. न्यूयॉर्कने जुन्या वर्षाचा कर वसूल केला आणि जर्सीची मुदत उलटून गेलेली असली, तर तोच कर दोनदा भरल्यासारखं होतं.

२०. पुरावे म्हणून काय जपून ठेवू?

कामाच्या दिवसांची स्वतःची नोंद, रोजच्या रोज लिहिलेली. वर्षाअखेरी आठवून लिहिलेली वही ऑडिटर मानत नाहीत. त्याला जोड म्हणून ई-झेडपासचे (टोलचे) तपशील, ट्रेनचे मासिक पास, इमारतीच्या बॅजची नोंद, विमानाची तिकिटं, फोनची बिलं. न्यूयॉर्कचे ऑडिटर हेच मागतात आणि दिवस बाहेर काढल्याचं सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर असतं. बॅजची नोंद नोकरी सोडल्यावर मिळत नाही, म्हणून शेवटच्या दिवसाआधीच एचआरकडे लेखी मागून घ्या. आजारपणाचे, सुट्टीचे आणि रजेचे दिवस वेगळे लिहा: आयटी-२०३-बीवर पगाराचं वाटप करताना ते एकूण कामाच्या दिवसांतून वजा होतात. १८३ दिवसांच्या मोजणीत मात्र रजेच्या दिवशीही तुम्ही कुठे होतात ते धरतात, म्हणून ही दोन मोजमापं एकाच तक्त्यात मिसळू नका.